जुनाट दमा, खोकला आणि बांधावरचा अडुळसा

नाशिकच्या द्वारका चौकांत मुंबई-आग्रा रस्त्यास पुण्याचा रस्ता मिळतो. माल घेऊन बाजारास निघालेल्या शेतकऱ्यास तेथें मोटारींच्या धुरांत खोळंबावें लागतें. परंतु त्याची छाती बिघडविणारा धूर तेवढाच नव्हे. घरांतील चूल, हातांतील विडी, मळणीचा धुरळा आणि बुरशी चढलेला कडबा हे शत्रू तर बारमाही सोबतीस असतात.

आमच्या वैद्यकानें हें पूर्वींच ओळखलें होतें. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत १७ व्या अध्यायांत श्वासाचा व १८ व्या अध्यायांत कासाचा विचार आहे. धूळ, धूर, गार हवा व अतिश्रम हीं श्वासाचीं कारणें तेथें सांगितलीं आहेत. श्वासाच्या पांच प्रकारांपैकीं 'तमक' म्हणजे आपला नेहमींचा दमा. रोगी आडवा झाला कीं तो वाढतो, उठून बसलें कीं हलका होतो. ढगाळ हवेंत पुन्हां उचल खातो. असा रोग जुना झाल्यावर 'याप्य' समजावा, म्हणजे समूळ जात नाहीं, पण पथ्यानें व औषधानें आटोक्यांत राहतो, असा शास्त्राचा स्पष्ट अभिप्राय आहे. महिनाभरांत दमा मुळासकट काढण्याची हमी देणाऱ्यावर विसंबूं नये, हें यावरून उघड होतें.

पहिला उपचार म्हणजे कारण टाळणें. विडी सोडावी, चुलीवर धुराडें बसवावें, मळणीच्या वेळीं नाकातोंडास फडकें बांधावें. कफ दाटला असतां सैंधव घातलेलें कोमट तेल छातीस चोळून शेक द्यावा. आहार हलका व ऊन असावा. रात्रीं दहीं वर्ज्य करावें.

औषधांत अडुळसा मुख्य. गुरें त्यास तोंड लावीत नाहींत, म्हणून तो कुंपणास उत्तम. पावसाळ्याच्या आरंभीं फांदीचे तुकडे लावले कीं जीव धरतो. पानें वाफवून पिळलेला रस मधांतून देण्याची वहिवाट आहे. याच पानांतील वासिसिन द्रव्याच्या आधारें विसाव्या शतकांत कफ पातळ करणारें ब्रोमहेक्सिन हें औषध निघालें. सितोपलादि चूर्णांत खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलदोडे २ व दालचिनी १ असें प्रमाण असतें. मधुमेह्यानें त्यांतील साखर ध्यानांत ठेवावी. गरोदर स्त्रीस अडुळसा देऊं नये.

मात्र मर्यादा ओळखावी. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, कफांत रक्त, सायंकाळचा ज्वर वा वजनांतील घट दिसतांच सरकारी दवाखान्यांत थुंकी तपासावी. क्षयावर अडुळसा पुरेसा नाहीं. त्याचीं औषधें तेथें विनामूल्य मिळतात व तीं पूर्ण मुदतभर घेतलींच पाहिजेत. डॉक्टरांनीं ओढण्यास दिलेलें दम्याचें औषध काढा सुरू केला म्हणून बंद करूं नये. ओठ निळे पडले किंवा बोलतांना धाप लागली, तर रुग्णालय गांठावें. काढ्याचा प्रयोग करीत बसूं नये.

कुंपणास अडुळसा यंदाच लावावा. पण चुलीचें धुराडें त्याच्याही आधीं बसवावें.