पान्याची खूण

पिरंगुटच्या एका कारखान्यातील, दाबमापक तपासण्याचा डेड वेट टेस्टर, ज्यावर मी उमेदीची वर्षे घालविली, तो गेल्या महिन्यात भंगाराच्या भावाने विकला गेल्याचे कळले, आणि ते वर्तमान मनास फार लागले.

१८४९ साली पॅरिसच्या यूजेन बूर्दोंने वक्र नळीच्या दाबमापकाचे, म्हणजे गेजाचे, पेटंट घेतले. पुढील शतकभराचा इतिहास बव्हंशी वाफेचा नि पाण्याचा, त्यात रेंगाळण्याचे प्रयोजन नाही. मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीचा कडा उतरून भिऱ्याच्या वीजगृहात पोहोचते, त्याचा दाब प्रचंड खरा; परंतु पाणी गेजाशी वैर धरीत नाही. आम्ल धरते.

माझे दशक १९८४ नंतरचे. भोपाळमध्ये वायुगळतीच्या त्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीचा दाब साडेदहाच्या सुमारास २ पौंड होता, तो अकरापर्यंत १० वर गेला. परंतु नित्य बिघडणाऱ्या उपकरणांवरचा विश्वासच उडालेला असल्याने त्याची कोणी दखल घेतली नाही. हे वाचल्यापासून पिरंगुटच्या कारखान्यातील आमच्या मास्तरांनी प्रत्येक गेज दर तीन महिन्यांनी उतरवून तपासण्याचा दंडक घातला. हायड्रोक्लोरिक आम्लापुढे गेजाच्या तोंडाशी बसविलेला टँटलमचा पडदा टिकतो, हायड्रोफ्लोरिकपुढे तोच नष्ट होतो. क्लोरीनच्या वाहिनीवर पडद्यामागे ग्लिसरीन वा सिलिकॉन तेल भरणे म्हणजे पडदा फाटताच अनर्थ, म्हणून तेथे हॅलोकार्बन तेलच हवे, हे सारे ते आमच्याकडून परवच्याप्रमाणे म्हणवून घेत. ‘‘शून्यावर पडलेला काटा प्रामाणिक असतो रे; रोजचाच आकडा दाखवतो ना, तो आधी उतरवा,’’ असे ते म्हणत.

पुढे दुसऱ्या एका कारखान्यात गंधकाम्लाच्या पंपावरील काटा अडकल्याची नोंद मी वहीत केली. उत्पादनात खंड नको म्हणून वरिष्ठांनी ती दप्तरदाखल केली. आठवड्याने जोड सुटला, एका हेल्परचा हात कोपरापर्यंत भाजला, आणि चौकशीत कसूर त्याच गरिबाच्या माथी मारण्यात आली. तो निकाल मला त्या दिवशी मान्य नव्हता, आजही नाही.

हल्ली दाब संगणकाच्या पडद्यावर दशांशापर्यंत उमटतो; तपासणीचा दाखला मात्र, गेज जागचे न हलता, सहीशिक्क्यानिशी येऊन पडतो, आणि मास्तरांचा दंडक पाळणाऱ्यास वेळखाऊ म्हणून बाजूस सारले जाते.

पिरंगुटच्या पट्ट्यातील कारखान्यांत काम करणाऱ्या वाचकांस एवढीच विनंती आहे: पुढचा दाखला हाती येईल तेव्हा आधी गेजापाशी जाऊन त्याचा नट पाहा, आणि त्यावर पान्याची ताजी खूण नसेल, तर सही करू नका.