पिशवीचं माप नर्सला विचारा

क्रोन्स डिसीज, अल्सरेटिव्ह कोलायटिस ही नावं मेडिकलवाल्यांच्या ओळखीची असतील. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगायचं तर आतड्यांना सूज आणणारे हे आजार बऱ्याचदा ऐन कॉलेजच्या वयात डोकं वर काढतात. औषधांनी भागलं नाही तर काहींचं ऑपरेशन करून आतड्याचं टोक पोटावर काढतात. शौच तिथून बाहेर येते, पोटाला चिकटवलेल्या पिशवीत जमा होते. त्या तोंडाला स्टोमा म्हणतात. तिथे झडप नसते, त्यामुळे कंट्रोलही नसतो. म्हणजे लेक्चरला, लोकलमध्ये, मावसबहिणीच्या हळदीला, पिशवी सोबत हवीच.

ही चिकटणारी पिशवी सुचली एका नर्सलाच. डेन्मार्कच्या एलिसे सोरेनसेन यांची बहीण थोरा स्टोमाच्या ऑपरेशननंतर गळतीच्या भीतीने घराबाहेर पडेना. १९५४ मध्ये एलिसेने तिच्यासाठी ही कल्पना काढली.

पिशवी आली, पण कुणाला कुठली द्यायची हा घोळ राहिलाच. ब्रिटनमध्ये या पिशव्या सरकारी आरोग्यसेवेतून, म्हणजे एनएचएसमधून, प्रिस्क्रिप्शनवर मिळतात. बाजारात प्रकार हजारो. फॅमिली डॉक्टरने प्रत्येक प्रकार ओळखावा ही अपेक्षाच चूक. मग होतं काय, तर हॉस्पिटलमधून निघताना जी पिशवी दिली, तीच वर्षानुवर्षं रिपीट होत राहते.

आणि इथेच खरी गोम आहे. ऑपरेशननंतरच्या पहिल्या सहा-आठ आठवड्यांत सूज उतरते, स्टोमा लहान होतो. पुढे वजन वाढतं, कमी होतं, कधी शेजारी हर्निया होतो. पिशवीच्या चकतीचं भोक मात्र जुन्याच मापाचं. मधल्या उघड्या कातडीला शौच लागते, कातडी सोलवटते, ओल्या कातडीवर चकती चिकटत नाही, पिशवी गळते. पेशंट काय करणार? जास्त पिशव्या मागवतो. सोबत पेस्ट, पावडर, स्प्रे. बिल फुगतं आणि माणूस घरातच बसतो. डॉक्टर सही करतात, कारण कागदावर सगळं बरोबर दिसतं.

स्टोमा नर्स कागद नंतर बघते. आधी पोट बघते, तेही आडवं झोपवून नाही, तर बसवून, वाकवून. कारण घडी पडते ती बसल्यावर. काढलेली चकती उलटी करून बघते: गळती कुठल्या बाजूने सुरू झाली, ते तिथे उमटलेलं असतं. माप घेते. स्टोमा कातडीच्या पातळीत बसलेला असेल तर फुगीर चकती सुचवते. बऱ्याचदा भोक दोन-तीन मिलिमीटरने कमी केलं की स्प्रे-पावडर आपोआप बंद!

ब्रिटनमध्ये ठरावीक कोर्स केलेल्या नर्सला स्वतःच्या सहीने प्रिस्क्रिप्शन लिहिता येतं. २००६ पासून तर जवळपास सगळी औषधंही. त्यामुळे इंग्लंडच्या काही भागांत स्टोमाच्या पिशव्यांचं काम डॉक्टरांकडून काढून थेट या नर्सच्या टीमकडे दिलं गेलं. वाया जाणारा माल कमी करणं हा एक हेतू होताच. पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट: चाचपडणाऱ्या पेशंटला कुणीतरी ‘दाखव बरं’ म्हणतं.

सगळं गोड नाही हं. तिथल्या काही स्टोमा नर्सचा पगार पिशव्या बनवणाऱ्या कंपन्याच देत आल्यात. मग ती लिहून देते ती पिशवी पेशंटच्या पोटाला साजेशी की कंपनीच्या खात्याला? हा प्रश्न तिथे उघडपणे विचारला जातो, आणि विचारायलाच हवा. नर्सचा पगार हॉस्पिटलने द्यावा, हे सरळ उत्तर. पण त्याला पैसे लागतात.

आपल्याकडे नर्सला असं स्वतंत्रपणे लिहून द्यायची मुभा सहसा नसते. पिशवीचा खर्चही बहुतेकांच्या खिशातूनच जातो. म्हणजे चुकीचं माप इथे जास्त महाग पडतं. काहीजण पैसे वाचवायला एकच पिशवी ताणून वापरतात. तरी जाणकार नर्स अगदीच नाहीत असं नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये स्टोमाच्या देखभालीचं, म्हणजे एंटरोस्टोमल थेरपीचं, खास प्रशिक्षण नर्सना मिळतं. ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही पेशंटना आधार देणारी संस्थाही मुंबईचीच. बीएस्सी नर्सिंगला असाल आणि पुढे आयसीयू की ओटी एवढाच विचार चालू असेल, तर हा तिसरा रस्ताही बघून ठेवा.