मे महिन्यातला एसी, जुलैतला एसी

घरातली यंत्रं : भाग ७

नागपुरात एसी सुरू होतो तो होळीनंतर पंधरवड्याने, आणि बंद होतो तो पहिला दमदार पाऊस पडला की. मेअखेरच्या नवतप्यात तर तो अठरावर लावलेला, दार घट्ट, अंगावर चादर. मृगाच्या सरी आल्या की रिमोट कपाटात जातो आणि पुढचे दोन महिने घरातले सगळे ‘काय चिपचिप होतंय’ म्हणत पंख्याखाली बसतात. या शहरापुरतं तरी हे वेळापत्रक उलटं आहे, असं माझं मत आहे. जे काम एसीला सगळ्यात महाग पडतं ते आपण त्याच्याकडून मे महिन्यात करून घेतो. आणि जे काम घरातलं दुसरं कुठलंही यंत्र करू शकत नाही, त्याच्या ऐन वेळेला त्याला सुट्टी देतो.

गेल्या रविवारी फ्रिजच्या मागच्या बाजूला हात लावून पाहायला सांगितलं होतं. ती ऊब म्हणजे आतल्या दूध-भाज्यांतून काढलेली उष्णता, अधिक कॉम्प्रेसरने खाल्लेली वीज. एसीचं तंत्र तेच. फ्रिजच्या पेटीच्या जागी आपली खोली आणि मागची जाळी बाहेरच्या भिंतीवर टांगलेली, एवढाच फरक. आतल्या नळ्यांत गॅस थंड द्रवाच्या रूपात येतो, खोलीतल्या हवेची उष्णता पिऊन त्याची वाफ होते, कॉम्प्रेसर ती वाफ दाबून तापवतो आणि बाहेरचा पंखा ती उष्णता गल्लीत सोडून देतो. विहिरीवरची मोटर पाणी उपसते तशी एसी उष्णता उपसतो, आणि हिशेबही तोच : पाणी जितकं खोल, तितकी वीज जास्त. घरातल्या आणि बाहेरच्या तापमानातलं अंतर वाढलं की तेवढीच उष्णता बाहेर टाकायला कॉम्प्रेसर जास्त राबतो.

दीड टनाचा एसी जी उष्णता काढतो ती सव्वापाच किलोवॉटच्या आसपास. त्यासाठी चांगलं यंत्र दीडेक किलोवॉट वीज घेतं. पण कंपनी हे आकडे मोजते ते बाहेर ३५ अंश आणि आत २७ अंश असताना. मे महिन्यात नागपुरात ३५ अंश सापडतात ते रात्री. दुपारी पारा ४५-४६वरही जातो. २३ मे २०१३ रोजी तो ४७.९वर गेला होता. (२०२४च्या मे अखेरीस इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली, संवेदक बिघडल्याचं हवामान खात्याने नंतर स्पष्ट केलं.) मात्र पश्चिमेच्या बाल्कनीत, लोखंडी पिंजऱ्यात कोंबलेल्या बाहेरच्या यंत्राभोवतीची हवा पन्नाशी ओलांडते, त्यात कुठलाही बिघाड नसतो. यंत्र आपणच टाकलेली गरम हवा पुन्हा आत ओढत असतं. अशा वेळी दीड टनाच्या एसीतून दीड टन मिळत नाही आणि वीज मात्र पाटीवरच्या आकड्यापेक्षा जास्त जाते.

एसीवरच्या ताऱ्यांच्या पाटीचंही असंच. पाटीवरचा ‘आयसीअर’ हा यंत्राच्या कार्यक्षमतेचा वर्षभराचा सरासरी आकडा आहे. त्यासाठी वर्षाचे १६०० तास आणि बाहेरचं तापमान २४ ते ४३ अंश धरलं जातं. म्हणजे आपल्या मेची ऐन दुपार त्या तक्त्याच्या बाहेर राहते. पाटी खोटी नाही, तुलनेला ती उपयोगीच आहे. तिच्यावरून आपल्या बिलाचा अंदाज मात्र बांधू नये. शिवाय ताऱ्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात, तेव्हा शेजाऱ्याचा जुना पाच तारे आणि तुमचा नवा पाच तारे एकच समजू नका.

आता आपला कूलर. मे महिन्याच्या दुपारी ४५ अंश तापमान आणि १२ टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या ताटीतून येणारी हवा जास्तीत जास्त २२ अंशांपर्यंत उतरू शकते. प्रत्यक्षात ताट्या कितीही चांगल्या असल्या तरी शेवटचे काही अंश राहतातच, म्हणून हवा मिळते २६-२७ अंशांची. तीही पंखा आणि छोटा पंप मिळून दोनशे वॉटच्या आसपास विजेत. एसीच्या सातव्या-आठव्या हिश्श्यात! पाणी लागतं, दुपारी तासाला दहा-वीस लिटर सहज, आणि टँकरवर जगणाऱ्या वस्तीत हा खर्च लहान नाही. (कूलरच्या लोखंडी पेटीला अर्थिंग करून घ्या आणि प्लग काढल्याशिवाय पाणी भरू नका. दर उन्हाळ्यात विदर्भात शॉकने माणसं जातात.) तरीही कोरड्या उन्हाळ्यात नागपूरकराने खिडकीत कूलर बसवला, यात त्याचा कंजूषपणा नव्हता. इथल्या हवेला तेच यंत्र शोभतं.

गडबड होते ती दोन्ही एकत्र चालवल्यावर. हॉलमध्ये कूलर, बेडरूममध्ये एसी आणि मधलं दार उघडं, हे दृश्य अनेक घरांत आहे. कूलर हवेत पाणी घालतो, एसी ते काढत बसतो. एक लिटर पाणी हवेतून काढायचं म्हणजे सुमारे ०.७ युनिटइतकी उष्णता उपसायची. त्याला साधारण ०.२ युनिट वीज लागते. तासाला नुसते पाच लिटर आत शिरले, तर एक अख्खं युनिट कूलरचंच पाणी निस्तरण्यात गेलं. दार लावा, नाहीतर दोघांपैकी एकालाच चालू ठेवा.

हे पाणी काढण्याचं काम एसीला मागाहून चिकटलेलं नाही. १९०२मध्ये विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी आपली पहिली यंत्रणा आखली, ती दमट हवेत कागद फुगून रंग एकावर एक नीट बसत नव्हते म्हणून. कामगारांना गारवा मिळाला तो वरकड. नागपूरची अडचण नेमकी उलटी होती. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी इथे एम्प्रेस मिल सुरू केली. कोरड्या हवेत सूत तटातट तुटतं, म्हणून हवा दमट ठेवणारी यंत्रं बसवणाऱ्या देशातल्या पहिल्या गिरण्यांत तिचं नाव घेतात. म्हणजे हवेतलं पाणी मोजूनमापून सांभाळण्याची विद्या या शहरात घरगुती एसीच्या कितीतरी आधी येऊन गेली होती. आता गिरणीच्या जागेवर मॉल आहे आणि तिथे यंत्रं हवेतून पाणी काढतात.

आपल्या खोलीचं गणित मांडून पाहू. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा. मे महिन्याच्या त्या दुपारी एवढ्या हवेत वाफेच्या रूपात पाणी असतं अडीचशे-पावणेतीनशे ग्रॅम. जुलैत, ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला, तेच आठशे ग्रॅमच्या पुढे जातं. तिप्पट. मेमधली हवा इतकी कोरडी असते की एसीच्या दहा अंशांच्या गार नळ्यांवरही तिचं दव जेमतेम धरतं. बाल्कनीत लोंबणारी एसीची पांढरी नळी मे महिन्यात पाहिलीत का? दुपारी कूलर बंद असेल तर ती जवळजवळ कोरडीच असते. फरशीच्या पुसण्याचं, माणसांच्या श्वासाचं, असं जे घरातच तयार होतं तेवढंच पाणी थेंबथेंब पडतं. जुलैत याच नळीखाली रात्री बादली ठेवा, सकाळी आठ-दहा लिटर पाणी मिळेल. कुंड्यांना, फरशीला चालेल. प्यायचं मात्र नाही.

जुलैत कूलर का हरतो, हेही इथेच कळतं. हवा आधीच भरलेली. ताटीवरचं पाणी वाफ होऊन जाणार कुठे? तापमान दोन-तीन अंश उतरतं आणि ओल वाढते. अंगावरचा घाम वाळेनासा होतो. मीठ पाझरतं, माचिस पेटत नाही, कपाटातल्या चपलांवर बुरशी धरते. या सगळ्यावर पंखा काही करू शकत नाही, कूलर उलट भर घालतो. उपाय एकच, एसी. आणि तो या दिवसांत स्वस्तही पडतो, कारण बाहेर रात्री पंचविशीच्या आसपास तापमान असतं, उपसा उथळ. वरच्या हिशेबाने दहा लिटर पाणी काढायला साधारण दोन युनिट लागतील.

पण इथे एक खोच आहे, आणि ती माहीत नसल्यानेच ‘पावसाळ्यात एसीत मजा नाही’ असं लोक म्हणतात. एसी तापमान पाहून चालतो, ओल पाहून चालत नाही. पावसाळी रात्री खोली आधीच २७वर असते. एसी २६वर लावला की दहा मिनिटांत ते गाठलं जातं आणि कॉम्प्रेसर थांबतो. जुन्या, इन्व्हर्टर नसलेल्या यंत्रात आतला पंखा मात्र फिरत राहतो आणि नळ्यांवर जमलेलं पाणी पुन्हा खोलीत उडवतो. इन्व्हर्टर एसी थांबत नाही, पण इतका हळू चालतो की नळ्या पुरेशा गार राहत नाहीत. खोली गार आणि चिकट, दोन्ही. मग माणूस चिडून रिमोट अठरावर नेतो.

त्याऐवजी रिमोटवरचं ‘ड्राय’चं बटण दाबा, थेंबाचं चिन्ह असतं ते. त्यात आतला पंखा मंद होतो, हवा गार नळ्यांवर जास्त वेळ रेंगाळते, आणि उष्णतेच्या मानाने पाणी जास्त निघतं. जादू नाही, खोली हळूहळू गार होतेच, आणि एखाद्या मॉडेलमध्ये तापमान आपलं आपण ठरतं. पण झोपायच्या आधी तासभर असं चालवलं तर पंख्याखाली पुढची रात्र नीट जाते. आणि मे महिन्यात हेच बटण दाबून काही उपयोग नाही, काढायला पाणीच नाही.

मे महिन्यासाठी आकडा २६-२७ आणि डोक्यावर पंखा. इथली हवा कोरडी असल्यामुळे एवढ्या तापमानाला खोलीतली आर्द्रता चाळिशीच्या आसपास राहते, अंगाला ते सुखाचं असतं. २०२०च्या जानेवारीपासून तारांकित एसी सुरू होताना २४वर यावा, असा ऊर्जा दक्षता ब्युरोचा नियम आहे, आणि तापमान एका अंशाने वाढवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं तोच ब्युरो सांगतो. वरच्या मजल्यावर तापलेल्या स्लॅबखाली अठरा अंश दुपारी कधी येतच नाहीत. कॉम्प्रेसर फक्त ऊर फुटेस्तोवर धावतो. एसीवर जादा पैसे घालण्याआधी गच्चीला चुना मारा, हिरवी जाळी ताणा. बाहेरच्या यंत्रावर सावली चालेल, पण समोरून हवा मोकळी सुटली पाहिजे. धुळीच्या दिवसांत फिल्टर पंधरा दिवसांनी धुवा.

खरेदीत सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘होऊन जाऊ दे, दोन टनाचाच घेऊ’. मोठा एसी लहान खोली झटकन गार करतो आणि थांबतो, म्हणजे पावसाळ्यात पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. दहा बाय बाराच्या, वर मजला असलेल्या खोलीला एक टन पुरतो. थेट स्लॅबखालची, पश्चिमेची खोली असेल तर दीड. दुकानदाराला आधी मजला आणि दिशा सांगा, बजेट नंतर.

बिलाचं एक तेवढं लक्षात घ्या. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांनी चढतात : १०० युनिटपर्यंत, मग ३००, मग ५००, आणि पुढे. पंखे, फ्रिज, दिवे यांनी खालचे टप्पे आधीच भरलेले असतात. एसीचं युनिट वर जाऊन बसतं, त्यामुळे ते सरासरी दराने न मोजता शेवटच्या टप्प्याच्या दराने मोजा. आज रात्री एसी लावण्याआधी मीटरचा आकडा लिहा, सकाळी पुन्हा लिहा. एकदा मेमध्ये, एकदा जुलैत. पुढच्या रविवारी त्याच बिलातले स्थिर आकार, वहन आकार आणि वीज शुल्क उलगडू. तोवर मे महिन्याचं एखादं जुनं बिल शोधून ठेवा.