रिकाम्या तासांची वही

दक्षिण इंग्लंडमधल्या हॅम्पशायर परगण्यात टेस्ट नावाची नदी आहे. खडूच्या टेकड्यांत मुरलेलं पाणी झऱ्यांवाटे तिला मिळतं, त्यामुळे ती बारमाही थंड आणि इतकी नितळ, की तळाशी प्रवाहाकडे तोंड करून थांबलेला ट्राउट मासा काठावरून दिसतो. या नदीकाठच्या स्टॉकब्रिज गावात १८२२ साली हौटन फिशिंग क्लब स्थापन झाला. सभासदांनी कुणी किती मासे धरले, किती वजनाचे, हवा कशी होती, हे लिहून ठेवायची शिस्त लावून घेतली. या नोंदी पुढे १९०८ साली सर हर्बर्ट मॅक्सवेल यांच्या संपादनाखाली पुस्तकरूपाने आल्या. हौशी माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवलेली अशी वही विरळाच.

फ्लाय फिशिंगला वहीची एवढी गरज का, हे आपल्याकडच्या गरवण्याशी ताडून पाहिलं की कळतं. कोकणात गरीला कोळंबी किंवा गांडूळ लावतात आणि वासाने मासा येतो. फ्लाय फिशिंगमध्ये गळावर पिसं आणि धागा गुंडाळून केलेली नकली माशी असते. तिला ना वास ना वजन. जाड दोरीच्या वजनावर ती फेकायची आणि डोळ्यांनी शिकार करणाऱ्या माशाला फसवायचं. सकाळी एक किडा, दुपारी दुसरा, सांजवेळी तिसराच, असं माशाचं ताट बदलत राहतं. ते ओळखण्यावरच सगळा खेळ.

बहुतेकांच्या वहीत मासे असतात, तास नसतात. गोलंदाजाने पाच बळी घेतले एवढंच सांगून भागत नाही, किती षटकांत ते विचारावंच लागतं. तीन तासांत सहा मासे आणि दहा तासांत सहा मासे, या दोन दिवसांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मत्स्यशास्त्रज्ञही पकड मोजताना तिच्यामागचे श्रम मोजतात. इंग्लंड-वेल्समध्ये सॅमनचा परवाना घेणाऱ्याला हंगामाचा हिशेब सरकारला द्यावा लागतो, त्यात किती दिवस मासेमारी केली तेही सांगावं लागतं. एकही मासा लागला नसेल तरी या हिशेबातून सुटका नाही. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो.

तास लिहिले, की लाडक्या माशीची पहिली झाडाझडती होते. ‘माझे निम्मे मासे याच माशीवर लागलेत,’ असं प्रत्येक जण सांगतो. लागणारच, दिवसभर तीच तर बांधलेली असते! समजा, तुमची आवडती माशी आठ तास पाण्यात होती आणि तिच्यावर आठ मासे आले. दुसरी दोनच तास होती आणि तिच्यावर तीन. ताशी हिशेबात दुसरी पुढे. अर्थात, लगेच पहिली फेकून देऊ नये. तीन मासे हा योगायोगही असू शकतो. शिवाय दुसरी माशी फक्त संध्याकाळीच बांधली असेल, तर श्रेय माशीचं की संध्याकाळचं? म्हणून माशी बदलली की घड्याळ बघून वेळ टिपायची.

जी. ई. एम. स्क्यूज हा लंडनमधला वकील. टेस्टच्या शेजारच्या इचन नदीवर, अ‍ॅबट्स बार्टन इथे तो १८८३ पासून १९३८ पर्यंत मासे धरत होता. त्या काळी फ्रेडरिक हॅलफर्डचं राज्य होतं : माशी पाण्यावर तरंगायलाच हवी, असा त्याच्या अनुयायांचा दंडक. पाण्याखालच्या वाढत्या किड्यांची नक्कल गळाला लावणं त्यांना कमीपणाचं वाटे. स्क्यूजने वाद घालण्याआधी माशालाच विचारलं. धरलेल्या ट्राउटच्या पोटातलं खाद्य लांब चमच्याने काढून तो तपासायचा. त्यात पाण्याखालचे किडे भरपूर सापडत. १९१० साली त्याचं ‘मायनर टॅक्टिक्स ऑफ द चॉक स्ट्रीम’ आलं आणि वाद पेटला. दर हंगामात त्याच नदीवर, तेच प्रश्न घेऊन जाणाऱ्यालाच असं काही गवसतं. चार नद्यांवर भटकणाऱ्याची वही जाड होते, पण तिच्यात ताडून पाहण्यासारखं फार थोडं निघतं.

वहीत रकाने किती असावेत? थोडे. वीस रकाने आखणारा दुसऱ्या महिन्यात वही हरवतो. सुरुवातीची आणि शेवटची वेळ, माशी, पाण्यावर कोणता किडा दिसला आणि पाण्याचं तापमान, एवढं पुरे. तापमान मात्र सोडू नये. तपकिरी ट्राउट साधारण १० ते १६ अंश सेल्सियसला मनापासून खातो. पाणी २० अंशांच्या वर गेलं तर गळ गुंडाळावा, कारण दमलेला मासा सोडून दिला तरी मरू शकतो.

नवशिक्याने आणखी एक रकाना ठेवावा : गुंत्याचा. दोरी झाडात अडकली, गाठ सुटली, माशी तुटली, यात गेलेली मिनिटं प्रामाणिकपणे लिहिली तर दिवसाचा केवढा भाग नकली माशी पाण्याबाहेरच होती ते दिसतं. नव्या महागड्या रॉडपेक्षा गाठी नीट मारायला शिकणं जास्त मासे देतं, हे मग दुकानदाराला विचारावं लागत नाही.

आणि मेअखेर ते जूनच्या सुरुवातीचे तास वेगळ्या पानावर लिहावेत. तेव्हा मेफ्लाय नावाचा मोठा किडा थव्याने बाहेर पडतो, ट्राउट भान हरपून खातात. तिथले लोक त्याला अनाड्यांचा पंधरवडा म्हणतात. ते दिवस सरासरीत मिसळले तर कुणीही स्वतःला स्क्यूज समजू लागेल.