खंड, कुऱ्हाड आणि डाळिंबी दिवा

होसे रिझाल यांची ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’ ही स्पॅनिश कादंबरी १८९१ मध्ये बेल्जियममधील घेंट शहरात छापली गेली, आणि छपाई चालू असतानाच पैसे संपल्यामुळे रखडलेले काम व्हालेंतिन व्हेंतुरा या मित्राने हात दिला म्हणूनच पुरे झाले. ‘फिलिबुस्तेरो’ म्हणजे मुळात समुद्री लुटारू. परंतु फिलिपिन्समधील स्पॅनिश अधिकारी आणि मठवासी पाद्री हा शब्द सत्तेविरुद्ध ब्र काढणाऱ्या कोणालाही चिकटवीत, आणि एकदा तो चिकटला की हद्दपारी किंवा देहदंड फार दूर नसे. गोमेझ, बुर्गोस आणि झामोरा या ज्या तीन पाद्र्यांना कादंबरी अर्पण केलेली आहे, त्यांना काव्हिते येथील सैनिकांच्या उठावात गोवून १८७२ मध्ये मनिलाच्या बागुंबायान मैदानावर, गळ्याभोवती लोखंडी पट्टा आवळून मारण्यात आले होते.

रिझाल यांच्या १८८७ मधील ‘नोली मे तांगेरे’ या पहिल्या कादंबरीत सुधारणांची स्वप्ने पाहणारा आणि त्यापायी देशोधडीला लागलेला क्रिसोस्तोमो इबारा तेरा वर्षांनी सिमौन या गडगंज जवाहिऱ्याच्या रूपात परततो, निळ्या चष्म्याआड डोळे झाकून गव्हर्नर-जनरलच्या खास विश्वासात शिरतो, आणि येथून सूडाचे कथानक सुरू होते. अलेक्झांडर ड्युमा यांच्या ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्तो’ची आठवण येथे होणे अपरिहार्य आहे, कारण रिझाल यांनी ती कादंबरी विद्यार्थिदशेतच वाचली होती, मात्र ड्युमांचा नायक आपल्या वैऱ्यांना एकेक करून गाठतो, तर सिमौनचे वैर एका संपूर्ण राजवटीशी आहे. सत्ताधाऱ्यांची हाव आणखी चेतवायची, जुलूम इतका वाढवायचा की सोशिक माणसालाही तो असह्य व्हावा आणि त्याने शस्त्र उचलावे, हा त्याचा डाव. म्हणजे ज्यांच्यासाठी सूड घ्यायचा, त्यांनाच आधी अधिक भरडायचे.

सिमौनचे निळे चष्मे आणि मध्यरात्रीची खलबते यांना नाटकीपणाचा वास येतो, हे मान्य करायला हवे. कादंबरीचे खरे बळ काबेसांग तालेस या शेतकऱ्याच्या प्रकरणांत आहे. ‘काबेसा’ हे गावच्या एका भागाचा कर गोळा करण्याचे पद असून, वसुली कमी पडली तर तूट पदरमोड करून भरावी लागे. तालेसने जंगल तोडून जमीन लागवडीखाली आणली आणि त्या कष्टांत त्याची पत्नी व थोरली मुलगी तापाने गेल्या; पहिले पीक हाती येण्याच्या बेतात असताना एका धर्मसंघाने त्या जमिनीवर हक्क सांगून वीस-तीस पेसोंचा खंड मागितला. एवढे पैसे पाण्यात पडले आणि सुसरीने गिळले असे समज, अशी म्हाताऱ्या बापाने, तान्दांग सेलोने, त्याची समजूत घातली. पण सुसरीची भूक वाढत गेली आणि खंड दोनशे पेसोंवर पोहोचला, तेव्हा तालेसने मालकीचे कागद मागितले आणि कोर्टकचेरीत घर रिकामे केले. शेताच्या राखणीसाठी तो बंदूक घेऊन फिरू लागला तर बंदूक जप्त झाली, कोयता घेतला तर तोही गेला, कुऱ्हाड उरली तर तीही काढून घेतली गेली. आणि अशा निःशस्त्र माणसाला दरोडेखोरांनी पळवून नेऊन पाचशे पेसोंची खंडणी मागितली. ती भरण्यासाठी मुलगी हुली ऐन नाताळच्या दिवशी परक्या घरी मोलकरीण म्हणून गेली आणि आजोबांची वाचा बसली. सुटून आलेल्या तालेसने दावा हरल्याचे ऐकले, मुक्कामाला आलेल्या सिमौनचे पिस्तूल उचलले, आणि दुसऱ्या दिवशी धर्मसंघाचा कारभारी, जमिनीवरचे नवे कूळ आणि त्या कुळाची बायको असे तिघेही मेलेले आढळले. रिझाल येथे उपदेश करीत नाहीत. हत्यारे एकामागून एक कशी गेली, एवढेच ते नोंदवतात, आणि वाचकाला तो खून हिशेबाच्या शेवटच्या ओळीसारखा वाटू लागतो.

सिमौनचा सूड याउलट कारागिरीचा आहे. लग्नसमारंभात भेट म्हणून आणलेल्या डाळिंबाच्या आकाराच्या दिव्यात नायट्रोग्लिसरीन भरलेले असते. वीस मिनिटांनी ज्योत मंदावावी, कोणीतरी वात वर सारावी आणि मेजवानीला जमलेल्या सगळ्या बड्या असामींसह घर उडावे, अशी योजना. ती फसते ती पहारेकऱ्यांमुळे नव्हे. ज्या वधूवर आपले प्रेम होते ती आत आहे, हे कळताच इसागानी नावाचा विद्यार्थी दिवा उचलून नदीत फेकतो. तालेसच्या सूडाचे फळही त्याच्याच घरावर येते: खुनांनंतर तालेस लुटारूंत सामील होतो, सक्तीने सैन्यात भरती केलेला त्याचा मुलगा तानो त्या टोळीवर गोळी झाडतो आणि पडलेला माणूस आपलाच आजोबा असल्याचे त्याला दिसते.

अखेरीस विष घेतलेल्या सिमौनला पाद्रे फ्लोरेंतिनो हा एतद्देशीय धर्मगुरू त्याग आणि चारित्र्य यांचे महत्त्व सांगतो व त्याची रत्नपेटी समुद्रात फेकून देतो. हे प्रवचन उदात्त असले, तरी तालेसच्या खंडाला त्यात उत्तर नाही, आणि रिझाल यांनाही ते जाणवत असावे. कारण कादंबरी पूर्ण होत असतानाच्या काळात कलांबा येथे त्यांच्या स्वतःच्या कुटुंबाला, डोमिनिकन संघाशी चाललेल्या खंडाच्या वादातून, इतर कुळांबरोबर घराबाहेर काढले गेले होते. रिझाल यांना १८९६ च्या ३० डिसेंबरला बागुंबायानवरच गोळ्या घालण्यात आल्या. स्पेनची सत्ता गेल्यानंतर १९०३ मध्ये अमेरिकन वसाहत सरकारने धर्मसंघांकडून सुमारे चार लाख एकर जमीन ७२ लाख डॉलरांना विकत घेतली. तीत कलांबाची जमीनही होती.