हिवताप आणि मजुराची श्रमशक्ती

हिवतापाने मजुराचे किती दिवस बुडाले, हे हजेरीपटावरून कळते. परंतु कामावर आलेल्या दिवशी त्याच्या अंगात किती बळ उरले होते, याची नोंद तेथे नसते. हिवतापाचे परोपजीवी रक्तातील तांबड्या पेशींत वाढतात व त्या फोडून बाहेर पडतात; तेव्हा थंडी वाजून ताप भरतो. ताप उतरला, तरी पेशी घटल्यामुळे स्नायूंना प्राणवायू अपुरा पडतो आणि ओझे उचलताना मजुरास धाप लागते.

मुंबईत अलेक्झांड्रा गोदीचे बांधकाम चालू असताना शहरात हिवताप बळावला होता. डॉ. चार्ल्स बेंटली यांनी १९११ च्या अहवालात विहिरींमध्ये वाढणाऱ्या ॲनॉफिलीस स्टीफेन्सी या डासास त्यासाठी कारणीभूत ठरविले. हाच डास आज इमारतींच्या बांधकामावरील उघड्या टाक्यांतही वाढतो. अंड्यापासून डास तयार होण्यास सामान्यतः आठवड्याहून अधिक काळ लागतो. म्हणून टाकी झाकणे अथवा दर आठवड्यास कोरडी करणे हा सोपा उपाय होय. अंगमेहनत हेच ज्याचे भांडवल, त्या रोजंदारीवरील मजुराच्या घरची चूल या दक्षतेवर अवलंबून असते.