आईचा दहीभात

“आजी जेवत नाहीत, त्यांची भूकच गेलीय,” असं वृद्धाश्रमातून कळलं, तेव्हा दुपारच्या जेवणाला मी आईशेजारी जाऊन बसले. पांढऱ्या ताटलीत दहीभात, खाली टेबलही पांढरं. आई हात मांडीवर ठेवून गप्प. घास हातात दिला, तर तिने खाल्ला. दुसऱ्या दिवशी घरची गडद निळी ताटली नेली. तिने स्वतः कालवून अर्ध्याहून जास्त भात संपवला. भूक गेली नव्हती. तिला भात दिसत नव्हता.

आईला डिमेन्शिया आहे, आणि त्यात नुसती आठवण जात नाही. मिळतेजुळते दोन रंग वेगळे ओळखणं, खोली, कडा, उंबरा यांचा अंदाज घेणं अनेकांना अवघड होतं. त्यात म्हातारपणी डोळ्यांत उजेडही कमी पोचतो. बोस्टनच्या संशोधकांनी २००४ साली अल्झायमर बळावलेल्या नऊ जणांना पांढऱ्याऐवजी लाल भांड्यांत जेवण दिलं. त्यांचं खाणं सरासरी २५ टक्क्यांनी आणि पिणं ८४ टक्क्यांनी वाढलं. माणसं नऊच, पण निळ्या ताटलीनंतर मला ते लगेच पटलं.

मग मी तिच्या पलंगावर आडवी होऊन खोली पाहिली. संडासाचं दार भिंतीच्याच क्रीम रंगाचं, तेही बंद. आत फरशी पांढरी, कमोड पांढरा, सीटही पांढरी. महिनाभरापूर्वी तिला डायपर लागला होता, कारण ‘आजींना आता कळत नाही’. मी तिथल्या मावशींना विनवलं, दार उघडं राहू द्या, आतला दिवा चालू ठेवा. सीट लाल बसवली, दार पिवळं रंगवून घेतलं. रात्रीचा डायपर राहिला, दिवसाचा सुटला. आयुष्यभर पदर ढळू न दिलेली बाई ती. त्या आठवड्यात तिने गाऊन नको म्हणून साडी मागितली.

अशी पाहणी करायची शिस्तशीर पद्धत आहे. ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड फ्लेमिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी प्रश्नावली केली. ती घेऊन इमारतीतून फिरायचं आणि गुण द्यायचे. जिथे जायचं ती जागा बसल्या ठिकाणाहून दिसते का? टीव्ही, घंटा, ट्रॉलीचा खडखडाट किती? फिरायची वाट कुलूपबंद दाराशी संपते, की वळून परत आणते? एकट्याने बसायला कोपरा आहे का? झुंबराला आणि ग्रॅनाइटला त्यात गुण नाहीत.

आपल्याकडे मात्र चकचकाटावर पैसा जातो. आईच्या मजल्यावरच्या गुळगुळीत टाइल्सवर दुपारचं ऊन पडलं, की ती निऱ्या उचलून चालायची. तिला तिथे पाणी दिसायचं. आमच्या साताऱ्याच्या घरात शहाबादी फरशी होती. तिच्यावर ऊन पडलं तरी ती फरशीच दिसे.

भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. तुमच्या घरातल्या कुणासाठी जागा बघायला जाल, तेव्हा ऑफिसातूनच माहितीपत्रक घेऊन परतू नका. दिवेलागणीला जा. रिकाम्या पलंगावर आडवे व्हा आणि तिथून संडासाचं दार शोधा. सापडलं नाही, तर व्यवस्थापकांना तिथेच सांगा. आमच्या दाराला रंगाचा एक छोटा डबा पुरला.